'किशोर'च्या संपादकांना खुलं पत्र: पुढचा अंक कधी?

प्रति,
संपादक मंडळ,
'किशोर' मासिक, बालभारती, पुणे.



मी शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईचा. भीमेच्या अल्याड आम्ही, पल्याड दौंड तालुका. पुण्यात एका छापखान्यात बारा वर्षं डीटीपीचं काम केलं, वडील थकले तेव्हा गावी आलो. आता तीन एकर ऊस आहे आणि झेरॉक्स काढायचं, ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक नसतं तेव्हा थोडं थोडं करून हे पत्र लिहिलं. बंद पाकिटातूनही पाठवता आलं असतं, पण मागणं माझ्या एकट्याचं नाही, म्हणून चारचौघांत मांडतो आहे.

मागणं असं: 'किशोर'ने दर महिन्याला मराठी सुपरहिरोची एक चित्रकथा सुरू करावी. सोळा पानं, रंगीत, मूळची मराठी, आणि शेवटच्या पानावर 'क्रमशः'.

हे कुठून सुचलं ते सांगतो. जून २०२३ मध्ये स्पायडरमॅनचा 'अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा सिनेमा आपल्याकडे दहा भाषांत लागला आणि त्या दहांत मराठीही होती. माझी पुतणी तेव्हा तिसरीत होती. मी तिला पुण्याला नेऊन तो मराठीतून दाखवला. सिनेमात वेगवेगळ्या जगांतले वेगवेगळे स्पायडरमॅन येतात, आणि त्यांत आपल्याकडचा एक आहे, पवित्र प्रभाकर. तो पडद्यावर उतरला तशी ती खुर्चीत गुडघ्यांवर उभी राहिली. परत येताना एसटीत खिडकीशी बसून तिने विचारलं, "काका, तो पवित्र कुठल्या गावचा?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर शोधलं. पवित्र प्रभाकर २००४ मध्ये जन्मला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी तो घडवला आणि त्याचे चार अंक निघाले. खेड्यातला मुलगा शिष्यवृत्ती मिळवून मुंबईत शिकायला येतो, बरोबर मायाकाकी आणि भीमकाका. शहरातली पोरं त्याच्या कपड्यांवरून हसतात. मग एका योग्याकडून त्याला कोळ्याची शक्ती मिळते. २०२३ मध्ये त्याची पाच अंकांची नवी मालिका आली, निकेश शुक्ला यांनी लिहिलेली, अभिषेक माळसुणी यांनी काढलेली. हे सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्रभाकर तर नाव असतं, आडनाव कसं असेल?" आणि थोड्या वेळाने, "मराठीत आहे का वाचायला? पुढचा अंक कधी येणार?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मराठीत त्याला बोलताना तिने ऐकलं होतं, म्हणून वाचायलाही मराठीतच मिळेल असं तिने धरलं. यात चूक तिची नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातली दुकानं पालथी घातली. बोधकथा मिळाल्या, पंचतंत्र मिळालं, शिवचरित्राच्या दहा आवृत्त्या मिळाल्या, रंगवायच्या पुस्तकांवर स्पायडरमॅनही मिळाला. दर महिन्याला पुढे सरकणारी, नायक आपल्या मातीतला असलेली मराठी चित्रकथा काही मिळाली नाही.

आमच्या लहानपणी ती होती. निदान तिची परदेशी भावंडं तरी होती. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या घरातून इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि ती मराठीतही येऊ लागली. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा जंगलात राहणारा, कवटीची अंगठी घालणारा 'फँटम' मराठीत 'वेताळ' होऊन आला. अनुवादकांनी हे नाव ठेवलं त्यात फार मोठं शहाणपण होतं. वेताळ आमच्याकडे शिवारात असतो, गावाची राखण करतो, त्याला शेंदूर लागतो. 'चांदोबा'त तोच वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून दर महिन्याला गोष्ट सांगायचा आणि विक्रमाने तोंड उघडलं की पुन्हा झाडावर जायचा. त्यामुळे आफ्रिकेतल्या जंगलातला तो मुखवटेवाला आम्हाला कधी परका वाटलाच नाही. तो आमच्याच वेशीवरचा, फक्त तिकडे कामाला गेलेला.

माझा मामा दौंडला रेल्वेत होता. दौंड जंक्शनला गाड्यांचं इंजिन बदलायचं, गाडी बराच वेळ उभी राहायची आणि फलाटावरच्या स्टॉलला दोरीवर इंद्रजालचे अंक चिमटे लावून टांगलेले असायचे. मामा सुट्टीवर येताना एक अंक आणायचा. तो आधी मोठा भाऊ वाचायचा, मग मी, मग शेजारचं सुतारांचं घर, मग मळ्यातली वस्ती. महिनाभराने अंक परत यायचा तेव्हा कव्हर गेलेलं असायचं आणि पिना सैल झालेल्या असायच्या. मी त्याला सुई-दोऱ्याने टाके घालायचो. मला वाटतं, छापखान्याच्या कामाची आवड तिथेच लागली. त्याच अंकांतून बहादूर भेटला. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी तो निर्माण केला, गोविंद ब्राह्मणियांनी काढला. दरोडेखोराचा मुलगा, ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मेला त्याच्यावर सूड घ्यायला निघालेला, आणि त्याच अधिकाऱ्याने वाढवलेला. पुढे तो गावकऱ्यांना घेऊन नागरिक सुरक्षा दल उभं करतो. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन. त्याच्या अंगात कसली दैवी शक्ती नव्हती, पण आमच्या गल्लीत प्रत्येकाला तोच व्हायचं असायचं, कारण त्याचं गाव आमच्या गावासारखं दिसायचं. धूळ होती, बैलगाडी होती, भिंतींना पोपडे होते.

सुमारे ८०० अंक काढून १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडली. मी तेव्हा हायस्कुलात होतो. आता बंद झालं असं कुणी आम्हाला सांगितलं नाही. मामा आला आणि त्याच्या पिशवीत अंक नव्हता, एवढंच.

त्यातला एक अंक आईच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली राहिला. त्याला शेवटचं पान नाही. गोष्ट ऐन पेचात येते आणि पान संपतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो पुतणीच्या हाती लागला. आता ती सहावीत आहे. दोन दिवस तिने तो कुणाला दिला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात आली, काउंटरवर शंभर पानी वही ठेवली आणि म्हणाली, "शेवटचं पान मी काढलंय. झेरॉक्स करून दे."

ते पान माझ्यासमोर आहे. त्यावर सहा चौकटी आहेत, पट्टीने आखलेल्या. वेताळ भीमेच्या बंधाऱ्यावर उभा आहे. पाण्यावर पांढरा फेस आहे, त्याच्या घोट्यापर्यंत आलेला. मागे रासाईदेवीच्या देवळाचं शिखर. पाचव्या चौकटीत तो हात वर करून काहीतरी म्हणतो, पण तोंडाजवळचा फुगा तिने आधी काढला आणि शब्द मागून लिहिला, त्यामुळे 'थांबा' हा शब्द मावला नाही. 'थां' वरच्या ओळीत राहिला आणि 'बा' खाली गेला. अनुस्वार फुग्याच्या रेषेवर बसला. सहाव्या चौकटीत वेताळ नाहीच. फक्त नदी आहे आणि कोपऱ्यात लिहिलं आहे, 'क्रमशः'.

शेवटचं पान काढायला बसलेल्या मुलीने शेवट केला नाही, याकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे.

आपण मराठी मुलांना गोष्टी भरपूर देतो, पण त्या सगळ्या संपलेल्या देतो. बोधकथा एका पानात संपते. इतिहासातल्या थोरांच्या गोष्टी तर जन्मतारखेपासून पुण्यतिथीपर्यंत मुलांना पाठ असतात. त्या द्यायलाच हव्यात, मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द काढणार नाही. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा काढली नसती तर माझ्या पिढीला निम्मं महाभारत कळलं नसतं. पण सहावीतल्या पोरीला असाही एक नायक लागतो, ज्याचं पुढच्या महिन्यात काय होणार ते बाईंना माहीत नाही, आईबापाला माहीत नाही, गुगललाही माहीत नाही. ज्याच्याबद्दल मधल्या सुट्टीत पैज लावता येते. जो तिच्याबरोबर सहावीतून सातवीत जातो. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला असे पन्नास नायक आहेत. हिंदीतल्याला नागराज मिळाला, ध्रुव मिळाला, डोगा मिळाला. आमच्या पोरीला ते शेवटचं पान स्वतः काढावं लागतं.

आता 'थांबा' या शब्दाबद्दल बोलतो, कारण हा माझ्या धंद्यातला विषय आहे आणि मराठीत मूळची चित्रकथाच हवी असा हट्ट मी का धरतो, ते याच शब्दात आहे.

इंग्रजी कॉमिकात फुग्यातला मजकूर सहसा सगळा कॅपिटलमध्ये असतो. त्या अक्षरांना वर-खाली काही नाही, सगळी एका उंचीची. ओळीवर ओळ चिकटवली तरी चालते. देवनागरीचं तसं नाही. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पाय मोडलेलं अक्षर, जोडाक्षराची शेपटी. एका ओळीला तीन मजले लागतात. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी भरायला गेलं की दोनच वाटा उरतात: अक्षर बारीक करा नाहीतर वाक्य कापा. छापखान्यात श्री-लिपी या सॉफ्टवेअरमध्ये असली कामं मी केली आहेत. परदेशी बालचित्रकथेचा एक अनुवाद आमच्याकडे सेटिंगला आला होता. मूळ मजकूर चौदा पॉइंटात होता, आम्हाला मराठी नऊ पॉइंटात उतरवावं लागलं. पहिल्यांदा वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी नऊ पॉइंट! रागाने ओरडणाऱ्या पात्राची वाक्यं अशी बारीक झाली की ते कुजबुजतंय असं वाटायचं. मी प्रकाशकांना सांगितलं, तर ते म्हणाले, मराठीत कॉमिक चालत नाही, एवढं कोण बघतंय. ते पुस्तक खरोखरच चाललं नाही, आणि का चाललं नाही याचा हिशेब कुणी मांडला नाही.

चित्रकाराने आधी मराठी वाक्य ऐकून मग फुगा काढला तर पानाची सगळी ठेवणच बदलते. 'अगं थांब ना!' याला लागणारी जागा निराळी आणि 'धावाऽऽ' याला लागणारी निराळी. आवाजांचंही तसंच. ऊस मोडताना, विहिरीत बादली आपटताना, मोटार सुरू होताना मराठी कानाला जे ऐकू येतं ते 'बूम' आणि 'क्रॅश' मध्ये बसत नाही. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेच्या जिभेला 'टॉक्' दिला, तो आजही लोकांच्या लक्षात आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या गावचा किडकिडीत पोरगा, सायकलवरून मराठी मुलांच्या दोन पिढ्यांचा नायक झाला. खेड्याचं नाव सांगितल्याने त्याचं काही अडलं नाही. उलट फुरसुंगीमुळेच तो खरा वाटला.

मराठीत असे चित्रकार कुठून आणायचे, असं कुणी म्हणेल. ते इथेच होते. राज कॉमिक्सने १९८६ मध्ये नागराज आणला. त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. अमिताभ बच्चनला नायक करून 'सुप्रिमो' नावाची कॉमिक्स निघाली, तीही मुळीकांनीच काढली. अमर चित्र कथेतली राम वाईरकरांची चित्रं आणि 'टिंकल'मधला त्यांचा सुपंडी देशभरच्या घरांत गेला. दिलीप कदमांचंही नाव घ्यायला हवं. हात आपल्या माणसांचे होते, गोष्ट मात्र दिल्लीच्या हिंदीत किंवा मुंबईच्या इंग्रजीत लिहिलेली असायची आणि मराठीत आलीच तर अनुवाद होऊन यायची. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्रं पुढे ठेवत रात्र रात्र रामायण सांगत आले आहेत. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चौकटीमागून चौकट मांडून गोष्ट सांगणं आपल्याला परदेशातून शिकायचं राहिलेलं नाही.

मग नायक कोण? ते लेखकांनी ठरवायचं. पण आमच्या भागात गोष्टीचं बी किती पडलं आहे ते दाखवतो, म्हणजे पुण्यात बसून शोधायला नको.

आमच्याच तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. त्यांनी नदीचं पाणी वळवायला कालवा खणला होता, पुराला अडवायला बांध घातला होता. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर होतं, धान्याच्या कोठारासकट. त्या घराच्या अंगणात मातीचा एक भलामोठा रांजण सापडला, चार पायांचा. त्यात एक माणूस मांडी घातल्यासारखा बसवून पुरलेला होता. बाकीच्यांना साध्या पद्धतीने पुरलं आणि या एकालाच असं का, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. तो वस्तीचा प्रमुख असावा असं मानतात. हे मी पुतणीला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "तो उठला तर?"

पहिल्या अंकाचं पहिलं पान मला तिथेच दिसलं. बांध घालणारा माणूस तीन हजार वर्षांनी उठतो आणि नदीवर येतो. कुठली नदी बघेल तो? रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते. पुण्याचं सांडपाणी तिथून आमच्याकडे येतं. पुतणीने काढलेला फेस तिच्या कल्पनेतला नाही, तो ती रोज बघते. जलपर्णीने पात्र झाकलं की मासेमारी करणाऱ्यांची जाळी रिकामी येतात. हे सगळं पुढे उजनी धरणात जातं. इतका मोठा, इतका संथ, चेहरा नसलेला खलनायक कुठल्या परदेशी लेखकाला सुचला असता का? त्याला बुक्की मारता येत नाही. नायकाला डोकं चालवावं लागेल, माणसं जमवावी लागतील, पुण्याच्या गटारांपर्यंत उलटं जावं लागेल. बारा अंक सहज होतील.

रात्रीचं सांगतो. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री येते, तेव्हाच पाणी द्यायला जावं लागतं. हातात बॅटरी, पायात गमबूट, दोन्हीकडे डोक्यावर गेलेला ऊस. आणि उसात बिबट्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्या तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याने माणसं मारली, त्यांत लहान मुलंही होती. त्यानंतर तिथल्या बायामाणसांनी गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जायला सुरुवात केली. त्याचे फोटो पेपरात आले. मी ते पाहिले तेव्हा मला भरून आलं. ज्यांच्याकडे कसलीही शक्ती नाही, त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःसाठी चिलखत केलं आणि सकाळी खुरपायला गेली. आमच्या मुलांच्या मनात ही भीती रोज असते. शाळेतून येताना ती घोळक्याने येतात आणि मोठमोठ्याने बोलत येतात. ही भीती कुठल्या पुस्तकात त्यांना भेटते? माणसंही जगली पाहिजेत आणि उसात जन्मलेली बिबट्याची पिल्लंही कुठे जाणार, हा पेच सोडवायला नायकाला फार ताकद लागेल. म्हणून तो सुपरहिरोचाच विषय आहे.

आणखी एक माणूस त्या पानांत यायला हवा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, नगरकडून ऊसतोड कामगार येतात. कोप्या पडतात. त्यांची मुलं शाळा अर्ध्यावर सोडून आलेली असतात. संध्याकाळी काही पोरं माझ्या दुकानासमोर मोबाइल चार्जिंगला लावायला येतात. पुतणीचं ते झेरॉक्स काढलेलं पान मी काचेला चिकटवलं होतं. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा रोज येऊन ते बघायचा. पहिल्या दिवशी चित्रं बघितली. दुसऱ्या दिवशी बोट फिरवत 'थां' म्हणाला, मग बराच वेळ गेला, मग 'बा' म्हणाला, आणि मग स्वतःच्याच तोंडून शब्द पुरा झालेला ऐकून माझ्याकडे वळून बघितलं. त्याने विचारलं, "मग पुढं काय झालं?" चित्रामुळे अर्धा अर्थ आधीच कळलेला असतो, म्हणून अक्षराची भीती वाटत नाही. कॉमिकने वाचन बिघडतं असं अजून कुणी गुरुजी म्हणत असतील, तर त्यांनी एक संध्याकाळ माझ्या दुकानात येऊन बसावं.

'किशोर'लाच का सांगतो? कारण नोव्हेंबर १९७१ पासून तुम्ही मराठी मुलांसाठी दर महिन्याला न चुकता उभे आहात. मोठमोठ्या लेखकांनी तुमच्याकडे मुलांसाठी लिहिलं. जुने अंक तुम्ही संगणकावर सगळ्यांना फुकट खुले केलेत, मी माझ्या दुकानात ते कितीतरी मुलांना उघडून दिले आहेत. खासगी प्रकाशकाला पहिल्या वर्षाचा तोटा सोसवणार नाही. तुमच्याकडे वितरण आहे, शाळा आहेत, शिक्षक आहेत. आणि सोळा पानं म्हणजे छापखान्याच्या भाषेत एक फर्मा. अंकाच्या मधोमध एक रंगीत फर्मा वाढवायचा, सेंटर पिनने तो अलगद सुटाही करता येतो. वर्षभराचे बारा फर्मे एकत्र शिवले की १९२ पानांचं पुस्तक हातात येतं. खर्च लागेल, नाही कसा म्हणू? पण ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हापासून भाषेसाठी काय काय करायचं याच्या याद्या निघत आहेत. त्या याद्यांत सहावीच्या मुलीसाठी एक ओळ असायला हवी.

दोन गोष्टींची भीती वाटते, ती स्पष्ट सांगतो. एक, नायकाच्या तोंडी सरकारी योजना घालू नका. तो उडत येऊन हात धुवायला सांगायला लागला की मुलं दुसऱ्या पानावर उठून जातील. ती फार हुशार असतात, शिकवणी कुठे सुरू झाली ते त्यांना लगेच कळतं. त्याला चुकू द्या, एखाद्या अंकात हरू द्या. दुसरी, नायक मुलगी असली तर तिला फक्त मुलींसाठीची करू नका. बायकांचं काम फक्त बायकांपुरतं नसतं. आमच्या भीमेच्या पलीकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. बायबलचं त्यांनी स्वतः सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि ते १९२४ मध्ये तिथल्याच छापखान्यात छापून निघालं. छपाईचे खिळे जुळवायला त्या आश्रमातल्या बायका होत्या, दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या. शंभर वर्षांपूर्वी माझा धंदा माझ्या गावाजवळ बायकांनी केला, हे मला पुण्याच्या छापखान्यात बारा वर्षं काढूनही कुणी सांगितलं नव्हतं. नदीच्या या काठावरच्या पोरींना ते माहीत झालं तर त्या काय काय काढतील, लिहितील, याची मला उत्सुकता आहे.

'किशोर'चा वाढदिवस नोव्हेंबरात येतो. त्या अंकात पहिला फर्मा घाला. अक्षर चौदा पॉइंटाच्या खाली नेऊ नका. देवनागरीच्या फुग्यांची मापं बसवायला माणूस लागला तर मी येईन, मानधन नको, चौफुल्याहून पुण्याला गाड्या भरपूर आहेत.

दुकानात काउंटरच्या डाव्या हाताची फळी मी रिकामी केली आहे. पहिल्या अंकाच्या पन्नास प्रती माझ्या नावावर लिहा, पैसे आगाऊ पाठवतो. आणि तो ऊसतोडणीवाल्यांचा मुलगा हंगाम संपल्यावर गावी जाईल, तेव्हा त्याच्या पत्त्यावर पुढचा अंक पोस्टाने पाठवायची जबाबदारी माझी.

आपला,
वडगाव रासाईचा एक वाचक